घाटावरच्या गर्दीत

सांगली
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

अक्का,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडता टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता सृष्टीकडून लिहून घेतलाय. सृष्टी म्हणजे आमच्या लॅबमध्ये माझ्याबरोबर काउंटरला बसते ती. फोनवर तू मला बंद करून टाकलंस त्याला पावणेचार वर्षं झाली. त्याची तक्रार नाही. आज फक्त सिनेमांबद्दल लिहिते, तेवढं वाच.

दिवाळीत सृष्टीनं ओढत नेलं म्हणून तो भुताचा बघितला. सगळं थिएटर किंचाळत होतं आणि मला भूतच पटलं नाही. दरवेळी येताना वारा सोडतं, दारं आपटतं. गेलेलं माणूस असं येत नाही गं. आपण कणीक मळत असलो की ते गुपचूप पाठीमागं येऊन उभं राहतं. वळून बघितलं की नसतं. त्यानंतर मोबाइलवर एक वकिलाचा बघितला. त्यात शेवटी पाच माणसं ओळीनं उभी राहून खरं बोलतात. मला हसू आलं. घरात एकाच्या तोंडून खरं निघायला किती वर्षं जातात!

आणि काल तो नावाड्याचा बघितला. शुक्रवारी लागलाय. वाईच्या घाटावर काढलेला आणि चार वर्षं पडून होता म्हणे. गोष्ट साधीच. जत्रेत नाव उलटते, नावाडी बुडतो, पण माणसं वाचवून बुडतो. नायिका फार रडते. गाणी बरी आहेत. इंटरव्हलनंतर नावाड्याला पाण्यातून वर काढून पायऱ्यांवर ठेवतात आणि सगळं गाव भोवती जमतं. त्या गर्दीत डावीकडं, वरून तिसऱ्या पायरीवर, पिवळं मुंडासं बांधलेला एक जण आहे.

तो अतिशय आहे, अक्का. आपला धाकटा अतिशय. मी डोळे चोळून बघितले. तोच आहे. उजवा खांदा खाली पाडून उभा राहायची तीच रीत. नऊ सेकंद दिसतो.

सगळी गर्दी रडवेली आहे आणि तो हसतोय.

साताऱ्यातही लागलाय, मी मोबाइलवर बघितलं. तू जाऊन ये.

दीपाली


सांगली
गुरुवार, २० नोव्हेंबर

अक्का,

आणखी तीन वेळा बघून आले. लॅबमध्ये डोकं दुखतंय म्हणून सांगते आणि दुपारच्या खेळाला जाऊन बसते. दारावरचा माणूस आता तिकीट न बघताच आत सोडतो. त्याला वाटतं, मला हीरो आवडलाय.

काल माझ्या शेजारी एक बाई होत्या, नवऱ्याबरोबर. घाटावरचा सीन आला आणि त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, त्यो मागचा बगा की. मड्याजवळ कोण हसतंय व्हय?" तो म्हणाला, "भाड्यानं आणलेली माणसं. त्यास्नी काय सुतक?" मी हातातला रुमाल तोंडात कोंबला. पुढची दहा मिनिटं काय झालं मला सांगता येणार नाही.

फेसबुकवर सिनेमा बघून आपापलं मत लिहिणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. कुणी 'पैसे वसूल' लिहितं, कुणी 'सेकंड हाफ लय ताणलाय' लिहितं. तिथं वीरधवल नावाच्या कुणीतरी लिहिलंय, 'पिक्चर चांगला, पण शोकाच्या सीनला पिवळ्या मुंडाशातला एक्स्ट्रा दात काढतोय. डायरेक्टर झोपला होता का?' खाली सत्तर-ऐंशी जणांनी हसून घेतलंय. एकानं पडद्याचा फोटो काढून त्यावर लाल गोल करून टाकलाय. कुणी लिहिलंय, 'हाच खरा हीरो.' कुणी लिहिलंय, 'याला पहिला बुडवायला पाहिजे होता.'

मी आठ वेळा लिहून खोडलं. शेवटी एवढंच टाकलं: 'तो माझा धाकटा भाऊ. हे काढलं त्याच दिवशी संध्याकाळी तो गाडीवरून जाताना वारला.' वीरधवलनं लगेच आपलं लिहिलेलं काढून टाकलं आणि माझी माफी मागितली. वाईट माणूस नव्हता बिचारा.

तो तिथं कसा पोचला, कुणाबरोबर गेला, मला काही माहीत नाही. अण्णांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते सकाळी बस्तीत दर्शनाला जातात, दुपारी पेपर वाचतात, संध्याकाळी ओट्यावर बसतात. तुझं नाव घरात निघत नाही. त्याचंही नाही.

दीपाली


सांगली
रविवार, २३ नोव्हेंबर

अक्का,

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. 'त्याच दिवशी' हे मला कसं ठाऊक, असं तुझ्या मनात आलंच असेल. बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

दहा फेब्रुवारीला अकरा वाजता तू त्याचा तुमच्या एमआयडीसीत इंटरव्ह्यू ठरवला होतास. त्यासाठी भावोजींनी किती जणांचे पाय धरले होते ते मला ठाऊक होतं. तो तिकडं गेलाच नाही. वाईला शूटिंगसाठी माणसं हवी होती, तिकडं गेला. तू बारा वाजता त्याला फोन केलास आणि म्हणालीस, "परत माझ्या दारात पाय ठेवू नकोस." हे तू स्वतःच सगळ्यांना सांगितलंस, सिव्हिलच्या व्हरांड्यात, भिंतीवर डोकं आपटत. आणि चौथ्या दिवशी अण्णा भावकीसमोर तुला म्हणाले, "तुझ्या जिभेनं माझं पोरगं खाल्लं. पोरगं रागानं वाट फुटंल तिकडं निघालं आणि मेलं."

मी तेव्हा खांबाला टेकून बसले होते. तू माझ्याकडं बघितलंस, मी खाली बघितलं.

तो वाईला चाललाय, हे मला सकाळपासून ठाऊक होतं. अण्णांनी विचारलं तेव्हा 'इंटरव्ह्यूला गेलाय' असं मीच सांगितलं. तोंड उघडलं असतं तर अण्णांचं ते वाक्य माझ्यावर आलं असतं. त्या दिवशी भ्याले. मग महिना गेला, वर्ष गेलं. आई गेल्यावर तू त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलंस. आणि तूच त्याला मारलंस असं मी तुला चार वर्षं वाटू दिलं.

आता दुसरं. माझं लिहिलेलं वाचून मला विश्वजीत नावाच्या एका मुलाचा फोन आला. वाईचाच आहे. त्या दिवशी तो अतिशयच्या शेजारी उभा होता. म्हणाला, "ताई, तुमचा भाऊ लय हसवायचा. दुपारी त्याला फोन आला तवा तोंड उतरलं होतं. मी इचारलं, काय झालं रं? म्हणाला, थोरली बहीण चिडलीय, दारात येऊ नको म्हणतीय. मी म्हटलं, मग? तर म्हणाला, मग काय गड्या, आज तिच्याकडंच जेवाय जाणार. दार लावून घेईल आणि खिडकीतनं विचारंल, जेवलास का. हे बोलला आणि स्वतःच हसाय लागला. तवाच कॅमेरा फिरला आमच्यावरनं."

कळलं ना, अक्का? तो रागानं निघाला नव्हता. तुला आठवून हसत होता.

इथंच थांबणार होते. पुढचं न लिहिता पाकीट चिकटवलंही होतं, पुन्हा फोडलं. विश्वजीत आणखी एक बोलला. शूटिंग लांबलं. साडेपाच झाले तसा अतिशय सारखा आभाळाकडं बघायला लागला. मुंडासं फेकलं, तोंडाचा रंगही पुरता पुसला नाही. चहा घेऊन जा म्हटलं तर थांबला नाही. म्हणाला, "आमच्या अक्काकडं सूर्य मावळल्यावर जेवण न्हाई. त्याच्या आत पोचाय पाहिजे."

लिंब फाट्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली उभी होती. सव्वासहाला. गाडीचं तोंड साताऱ्याकडं होतं. आपण ते पंचनाम्यात वाचलं होतं आणि कुणीच त्याचा विचार केला नव्हता.

हे तुला सांगावं की नाही, मला कळत नव्हतं. पण पुन्हा अर्धंच खरं सांगायची मला आता भीती वाटते.

दीपाली


सातारा
गुरुवार, २७ नोव्हेंबर

दीपाली,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. अक्षर सृष्टीचं असलं तरी पाकिटावर शिक्का सांगलीचा होता. पहिलं पत्र दोन दिवस देवघरात ठेवलं होतं.

काल एकटी जाऊन बघितला. सिनेमा कसा आहे ते मला विचारू नकोस. नावाड्याला वर काढलं आणि मी डावीकडं बघत बसले. दिसला. मला वाटलं होतं मी ओरडेन. नाही ओरडले. खेळ संपल्यावर बसूनच राहिले. झाडू मारणारी बाई आली आणि म्हणाली, "बाई, उठा, पुढचा खेळ हाय."

त्या दिवशी मी रागानं पाच वाजताच जेवून घेतलं. उरलेलं गाईला घातलं, भांडी घासून पालथी घातली. तो आला असता तर घरात एक घास नव्हता. पण मी भात टाकला असता, दीपे. सूर्य मावळला असता तरी टाकला असता. नेम मोडला असता. एवढं त्याला कळायला नको होतं का? इतकं कशाला पळायचं?

चार वर्षं रोज संध्याकाळी मी माझा आवाज ऐकते. दारात पाय ठेवू नकोस. इथं कुणी बेल वाजवली तरी मी पटकन उठत नाही. यांना वाटतं गुडघे दुखतात.

तुझ्यावर रागवायला अजून अंगात जोर आलेला नाही. येईल तेव्हा येईल.

एक कर. अण्णांना सांग. तू सांग, तुझ्या तोंडानं. मी त्यांना फोन करणार नाही. मी माझी बाजू मांडायला त्या घरात पाऊल टाकणार नाही.

राजमती


सांगली
रविवार, ३० नोव्हेंबर

अक्का,

सांगितलं.

आज सकाळी अण्णा बस्तीतून आले. कपाळाचं गंध ओलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, जरा बसा." ते बसले. मी उभ्याउभ्या सगळं बोलले. एकदाही मधे थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

त्यांनी एकच विचारलं, "कवापास्नं ठाऊक हाय तुला?"

"पहिल्या दिवसापास्नं."

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, चप्पल न घालता बाहेर गेले. तासाभरानं परसात सापडले, हळदीच्या वाफ्याशी उकिडवे बसलेले. तुला ठाऊक आहे, अण्णा रडत नाहीत. आई गेली तेव्हाही रडले नव्हते. मला बघून म्हणाले, "भावकीसमोर बोललो मी तिला. समद्यांसमोर. ती एक अक्षर उलटून बोलली न्हाई."

दुपारी ताट तसंच राहिलं. मग म्हणाले, "मला दाव त्यो सिनेमा."

सांगलीतून तो शुक्रवारीच गेला. मोबाइलवर शोधलं तर फक्त साताऱ्यात उरलाय, सव्वाबाराचा एक खेळ, तोही या गुरुवारपर्यंत. तिकडची माणसं स्वतःला बघायला जातात म्हणून टिकला असावा. मी सांगितलं, साताऱ्यात आहे. त्यांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. मग म्हणाले, "तिला कळीव. ये म्हणू नकोस. नुसतं कळीव, म्हातारा गुरुवारी येतोय म्हणून."

तर कळवते आहे. सकाळच्या एसटीनं निघतोय. थिएटरच्या दाराशी बारा वाजता.

दीपाली


सांगली
शनिवार, ६ डिसेंबर

अक्का,

गुरुवारी परत निघताना स्टँडवर तू मला एकच वाक्य बोललीस, त्याचं उत्तर हे पत्र. पण आधी दोन गोष्टी लिहू दे. तू अण्णांच्या शेजारी होतीस म्हणून माझ्या जागेवरून दिसल्या तशा तुला त्या दिसल्या नसतील.

मी तुमच्या मागं दोन रांगा सोडून बसले होते. दाराशी तुम्ही एकमेकांकडं बघितलंत. तू नुसता त्यांचा दंड धरलास, पायऱ्या आहेत म्हणून. आत गेल्यावरही तो सोडला नाहीस. अख्खा पहिला भाग अण्णा मान खाली घालून बसले होते, पडद्याकडं बघतच नव्हते. नावाड्याला वर काढायच्या आधी तू त्यांच्या कानात काहीतरी बोललीस आणि त्यांनी मान वर केली.

ते उभे राहिले तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आजोबा, बसा की खाली!" तू त्यांना ओढलं नाहीस. तूही उभी राहिलीस. मग मीही उभी राहिले. मागचा माणूस पुन्हा ओरडला नाही. नऊ सेकंदच होती, पण एवढा वेळ मी कधी उभी राहिलेली नाही. अण्णा मोठ्यानं म्हणाले, "हसतंय की गं ते!" लहान मूल पहिल्यांदा हसलं की म्हणतात ना, तसं.

बाहेर आल्यावर त्यांनी तुझ्यापुढं हात जोडले, भर रस्त्यात. तू ते हात खाली केलेस आणि म्हणालीस, "अण्णा, भूक लागली असंल. घरला चला." मला चल म्हणाली नाहीस, वाटेत स्टँडवर तेवढं सोडलंस. मी म्हणशील असं धरलंही नव्हतं. अण्णा तुझ्याकडं राहिले हे बरं झालं. हवं तेवढे दिवस ठेवून घे. बीपीच्या गोळ्या या पाकिटात आहेत. सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी.

घर मोकळं आहे. काल कणीक मळताना पाठीमागं कुणी आल्यासारखं वाटलं. मी वळले नाही. म्हटलं, असू दे उभा.

आता तुझं वाक्य. 'त्या दिवशी जाताना तो तुला काय काय बोलला ते सगळं लिही, एक शब्द गाळू नकोस.'

सकाळी सहाला तो माझ्या खोलीत आला. अंगात पांढरा शर्ट, काळी पँट. मी म्हटलं, "इंटरव्ह्यूला एवढ्या लवकर?" तो पलंगाच्या कडेवर बसला. म्हणाला, "दीपे, एक सांगायचंय. वाईत शूटिंग हाय. गर्दीत उभं राहायचं. एकाच दिवसाचं काम." मी म्हटलं, "आणि इंटरव्ह्यू?" तो म्हणाला, "तेच म्हणतोय. अक्कानं लय खटपट केलीय. भावोजींचं तोंड पडंल." मग बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. म्हणाला, "कारखान्यात एकदा शिरलो की तिथनं म्हातारा होऊनच बाहेर यायचं. एक दिवस आपलं तोंड मोठ्या पडद्यावर बघावं वाटतंय. पण अक्का दुखावंल."

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला.

तू विचारलंस म्हणून लिहिते आहे. आधीच्या पत्रात मी 'मला ठाऊक होतं' एवढंच लिहिलं होतं. अण्णांनाही तेवढंच सांगितलं. नुसतं ठाऊक नव्हतं.

तो म्हणाला, "दीपे, तू सांग. तू इंटरव्ह्यूला जा म्हणालीस तर गुमान तिकडं जातो. इंटरव्ह्यूचीच कापडं घातल्यात बघ. तुझ्यावर सोडलं."

पदवी झाल्यावर मला पुण्याला जायचं होतं, अक्का. मला कुणी जा म्हणालं नव्हतं. त्याच्या तोंडाकडं बघून मला ते आठवलं. निदान त्याला तरी आपण जा म्हणू, याचा त्या वेळी मला आनंदच झाला होता.

मी त्याला म्हणाले, "जा वाईला."

दीपाली